पडद्याची राखण

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागें एक लांबट, अंधारी खोली आहे. मोडक्या खुर्च्या, वाळवी लागलेले हजेरीपट, आणि ज्यांचीं कुलुपें केव्हांच हरवलीं आहेत अशा किल्ल्यांचे जुडगे तेथें वर्षानुवर्षें पडून असतात. गेल्या उन्हाळ्यांत त्या खोलींतील निकालांत काढावयाच्या सामानाची यादी करण्याचें काम माझ्याकडे आलें. इतिहासाच्या अध्यापकास जुन्या वस्तूंचा कंटाळा येत नसावा, असा प्राचार्यांचा तर्क असेल. कोपऱ्यांतील एका टेबलावर संगणकाचा जुना, जड मॉनिटर होता. त्याची तार कोणीं तरी कापून नेली होती, तेव्हां त्यांत वीज असण्याचा संभवच नव्हता. परंतु झडप उघडतांच तिरपें ऊन त्याच्या कांचेवर पडलें, आणि त्या राखी कांचेंत अक्षरें दिसूं लागलीं. माथ्यावर ग्रंथालयाचें नांव. त्याखालीं पुस्तक देणें, पुस्तक घेणें, शोध करणें व बाहेर पडणें अशा अर्थाच्या चार इंग्रजी ओळी. आणि अगदीं तळाशीं ‘एंटर ॲक्सेशन नंबर’ ही विनंती. वीस वर्षें मृत असलेलें यंत्र अद्यापि दाखल-क्रमांक विचारीत होतें!

मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. त्या पडद्यावरून हजारों ग्रंथांचीं नांवें सरकून गेलीं असतील. त्यांपैकीं एकाचाहि ठसा तेथें नाहीं. उरलें तें फक्त कोणी कांहीं करीत नसतांना पडद्यावर जें तिष्ठत उभें असे तें. या डागास इंग्रजींत ‘बर्न-इन’ म्हणतात. त्यापासून पडदा राखण्यासाठीं जे उपाय योजले गेले, त्यांचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. परंतु तो सामान्यतः सांगितला जातो तितका सरळ नाहीं, आणि त्यांतील एका लहानशा प्रकरणाशीं माझा स्वतःचा संबंध आहे. तो पुढें येईलच.

प्रथम रोगाचें निदान. जिच्यावर हा सारा संसार उभा होता ती कॅथोड-किरणांची नळी स्ट्रासबुर्ग येथील अध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं १८९७ सालीं सिद्ध केली. पुढें सुधारत गेलेल्या या नळीची रचना थोडक्यांत अशी : नळी म्हणजे हवा काढून घेतलेलें कांचेचें पात्र. त्याच्या मागच्या निमुळत्या टोंकांत एक तापलेली तार असते. तिच्या योगानें इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रचंड विद्युद्दाब त्यांस पुढें खेंचतो. आणि ते पुढच्या रुंद कांचेच्या आंतील बाजूस दिलेल्या भुकटीच्या लेपावर आदळतात. त्या लेपास फॉस्फर म्हणतात. नांवावरून त्यांत फॉस्फरस असावा असें वाटतें, पण तसें नाहीं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाश वाहणारा एवढाच, आणि हे लेप बहुधा जस्ताच्या संयुगांचे असत. आघात झाला कीं कण चमकतो. परंतु प्रत्येक आघातानिशीं त्याची चमकण्याची शक्ति किंचित् घटते. आजवर त्याच्यावर एकंदर किती विद्युद्भार ओतला गेला, यावर ही घट अवलंबून असते. म्हणजे प्रकाशाची प्रखरता आणि तो टिकल्याचा काळ या दोहोंचा हा हिशेब आहे.

यावरून दिसून येईल कीं, ‘जळणें’ हा शब्द थोडा फसवा आहे. पडदा बहुधा एखाद्या अपघातानें जळत नाहीं, तो झिजतो. जुन्या देवळाच्या पायऱ्या मधोमध झिजतात तसा. सगळी पायरी सारखी झिजली असती तर कोणाच्या लक्षांतहि आलें नसतें. मधला खळगा डोळ्यांत भरतो तो कडा शाबूत राहिल्या म्हणून. पडद्याचेंहि तसेंच आहे. जेथें अक्षर सतत उभें राहिलें तेथील फॉस्फर थकला, त्याच्या शेजारचा ताजा राहिला, आणि या दोहोंतील भेद म्हणजेच डाग. शेवटीं शेवटीं तर थकलेल्या लेपाचा रंगच पालटतो. म्हणूनच माझ्या त्या मॉनिटरवर विजेवांचून अक्षरें वाचतां आलीं.

याच्याशीं दुसऱ्या एका दोषाची पुष्कळदां गल्लत होते, तो येथेंच बाजूस सारलेला बरा. दूरचित्रवाणीच्या आरंभींच्या नळ्यांत पडद्याच्या मध्यभागीं एक तपकिरी वर्तुळ उमटत असे. त्याचें कारण इलेक्ट्रॉन नव्हत, तर त्यांच्यासमवेत निघालेले जड आयन. चुंबकानें इलेक्ट्रॉन सहज वळत, जड आयन मात्र जवळजवळ नाकासमोर चालत आणि एकाच जागीं मारा करीत. त्यावर नळीचें मागचें टोंक वांकडें करून आयनांस वाटेंतच अडविण्याची युक्ति निघाली, आणि पुढें फॉस्फरच्या पाठीशीं ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर देऊं लागले. इलेक्ट्रॉन त्यांतून पार होतात, आयन होत नाहींत. हा दोष कारागिरांनीं कारखान्यांतच निस्तरला. दुसरा दोष कारखान्यांत निस्तरण्याजोगा नव्हता, कारण तो नळीच्या घडणींत नसून तिच्या वापरांत होता.

दूरचित्रवाणीवरील चित्र हलतें, म्हणून पडद्याच्या सर्व भागांस प्रकाशाचा वांटा थोडाफार सारखा मिळतो. संगणकाचा स्वभाव याच्या उलट. तो माणसाची वाट पाहत स्थिर उभा असतो. खेळांच्या दुकानांतील यंत्रांस हा शाप प्रथम ठळकपणें बाधला. १९८० सालीं निघालेल्या पॅक-मॅन या खेळांत पिवळें तोंड ज्या वाटांतून धांवतें त्या वाटांच्या निळ्या भिंती कधींच हलत नसत. अशा यंत्रांत पुढें दुसरा खेळ बसविला तरी जुन्या भिंतींची सावली त्याच्या मागें दिसत राही. मग कचेऱ्यांची पाळी आली. ऑगस्ट १९८१ मध्यें आय. बी. एम. कंपनीचा घरगुती आकाराचा संगणक बाजारांत आला. त्याच्या ५१५१ या हिरव्या अक्षरांच्या मॉनिटरवरील चित्र सेकंदाला पन्नास वेळां नव्यानें रेखलें जाई. एवढ्या संथ गतीनें डोळ्यांपुढें फडफड होऊं नये म्हणून त्यांत प्रकाश रेंगाळत ठेवणारा फॉस्फर वापरला होता. डोळ्यांस सुख झालें. परंतु या जातीचा फॉस्फर डागास लवकर वश होणारा. त्यांत भर अशी कीं, त्या मॉनिटरला स्वतःचें बंद करण्याचें बटणच नव्हतें. संगणकाच्या पेटींतूनच त्यास वीज मिळे. पेटी चालू तर पडदा चालू. दोन खुंट्या पिळून प्रकाश कमी करावा, एवढाच उपाय मनुष्याच्या हातीं होता. आणि कारकुनी माणूस जेवावयास जातांना खुंटी पिळून जाईल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाचें ज्ञान असणाऱ्यानें करूं नये. १९८३ सालीं लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम निघाला आणि दुकानोदुकानीं, पेढ्यापेढ्यांत त्याच्या उभ्याआडव्या रकान्यांची चौकट पडद्यांत कायमची रुतूं लागली.

आपोआप पहारा करणारी युक्ति मात्र कचेरींतून न येतां खेळाच्या खोलींतून आली. दुकानांतील खेळयंत्र रिकामें असतां गिऱ्हाइकास भुलविण्यासाठीं स्वतःच खेळून दाखवी. त्या अवस्थेस ‘ॲट्रॅक्ट मोड’ म्हणत. अटारी कंपनीनें १९७९ सालीं ४०० व ८०० हे संगणक विकावयास आणले, त्यांत सुमारें नऊ मिनिटें कोणतीहि कळ दाबली गेली नाहीं कीं पडद्यावरील रंग आपोआप पालटूं लागत आणि थोडे मंद होत. येथें भुलविण्याचा हेतु मुळींच नव्हता, हेतु राखणीचा. नांव मात्र जुनेंच चिकटलें. पहारेकऱ्यास एखाद्या गारुड्याचें नांव द्यावें तसा हा प्रकार. आणि हा पहारेकरी जरा मंदबुद्धीचाहि होता. तो फक्त कळफलकाकडे पाही. खेळणारा हातांत दांडी धरून रंगांत आला असला तरी कळ दाबली गेली नाहीं म्हणून यंत्रास वाटे, घरांत कोणी नाहीं. आणि ऐन खेळांत रंग बदलूं लागत. शहाणे प्रोग्रॅमकार त्यास मधून मधून आंतूनच डिवचून जागें ठेवीत.

१९८३ च्या जानेवारींत जाहीर झालेल्या ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकांत पडदा आपण होऊन मंद करण्याची सोय होती. परंतु ‘स्क्रीनसेव्हर’ हें नांव ज्याच्याशीं निगडित आहे तो प्रोग्रॅम त्याच वर्षाच्या अखेरीस आला. जॉन सोचा नांवाच्या तरुणानें ‘सॉफ्टॉक’ मासिकाच्या डिसेंबर १९८३ च्या अंकांत तो प्रसिद्ध केला. मासिकांत छापलेले प्रोग्रॅम वाचकांनीं स्वतः टंकून घ्यावयाचे, अशी त्या काळीं रीत होती. आपल्याकडे मासिकांतून पाककृति उतरून घेत तशी. सोचा यांचा प्रोग्रॅम करी काय? तर तीन मिनिटें कळ दाबली गेली नाहीं कीं पडदा काळा करी. बस्स. हा अवधि कमीअधिक करावयाचा तर प्रोग्रॅमच पुन्हा बांधून घ्यावा लागे. माझ्या मतें या सबंध इतिहासांतील सर्वांत निर्दोष उपाय तो हाच. प्रकाशानें झीज होते, तर प्रकाश काढून घ्या. याहून अधिक कांहीं करण्याची शास्त्रदृष्ट्या गरज तेव्हां नव्हती, पुढेंहि पडली नाहीं.

असें असतां लोकांनीं तो टाकून चित्रें कां पत्करलीं? यावर सामान्यतः मनुष्याच्या हौशीकडे बोट दाखविलें जातें. तें अर्धसत्य आहे. दुसरा अर्धा भाग मला अनुभवानें ठाऊक आहे.

१९९६ सालीं मी नोकरींत नवा होतों. कार्यालयांत त्याच हिरव्या अक्षरांच्या जातीचा एक संगणक होता, आणि एका विद्यार्थ्यानें मला पडदा काळा करणारा असाच एक छोटा प्रोग्रॅम आणून दिला. मीं तो मोठ्या उत्साहानें त्या यंत्रांत घातला आणि कोणास सांगितलें नाहीं. परीक्षेचे दिवस होते. एके संध्याकाळीं दोन वर्गांचे गुण मी स्वतः भरीत होतों. तीन तास काम झालें होतें, साठवून मात्र ठेवलें नव्हतें, आणि मी चहासाठीं खालीं उतरलों. परत आलों तों खोली बंद. शिपाई म्हणाला, “सर, ते तर बंदच होतं. मी फक्त भिंतीवरचं बटण बंद केलं.” पेटीवरचा बारीक दिवा त्याच्या ध्यानांत आला नाहीं. त्याचा दोष नव्हता. काळा पडदा म्हणजे मेलेलें यंत्र, असेंच कोणीहि समजेल.

मी रात्रीं बसून सर्व गुण पुन्हा भरले, आणि डुलक्या घेत भरतांना एक ओळ चुकलों. एका मुलीस तिच्यावरील क्रमांकाच्या मुलाचे गुण गेले. ती माझ्याच विषयांत नापास ठरली. चूक सिद्ध होऊन दुरुस्त होण्यास अडीच महिने लागले. तोंवर पुढील शिक्षणक्रमाच्या प्रवेशाची मुदत संपली होती आणि तिचें वर्ष गेलें. तिचे वडील भेटावयास आले होते. ते रागावले नाहींत. “आता चुकून झालं, त्याला काय करणार,” एवढेंच म्हणाले. ते रागावले असते तर बरें झालें असतें, असें मला अजून वाटतें.

त्यानंतर, पडदा काळा करणारा कोणताहि प्रोग्रॅम महाविद्यालयाच्या कोणत्याहि यंत्रांत ठेवूं नये, असा लेखी हुकूम निघाला. त्याचा मसुदा मींच केला होता. ग्रंथालयांतील मॉनिटर पुढें आठ वर्षें सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या डोळ्यांनीं उभा राहिला तो त्या हुकुमामुळें. उन्हांत मीं जीं अक्षरें वाचलीं त्यांच्यावर मीं सही केली नव्हती एवढेंच.

म्हणून उडत्या टोस्टरांची थट्टा मी इतरांइतक्या सहज करीत नाहीं. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली सिस्टिम्स या कंपनीनें मॅकिन्टॉश संगणकासाठीं ‘आफ्टर डार्क’ नांवाचा चित्रसंच काढला. त्यांत पाव भाजण्याचीं यंत्रें पंख फुटून काळ्या आकाशांतून तिरपीं उडत जातात; मधून मधून पावाचे भाजलेले काप त्यांस सोबत करतात. कल्पना वेडगळ, पण हिशेब चोख. पडद्याचा बहुतेक भाग काळा, आणि जें उजळ तें एका जागीं टिकत नाहीं. शिवाय दुरून पाहणाऱ्यास कळतें कीं, यंत्र जिवंत आहे, त्याच्या वाटेस जाऊं नये. आमच्या कार्यालयांत त्या संध्याकाळीं एखादें टोस्टर उडत असतें तर! याच संचांत माशांचें एक चित्र होतें. पडदा म्हणजे जणूं कांचेचें मत्स्यालय. विशेष हें कीं, रॉबर्ट हाइनलाइन यांनीं १९६१ च्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ या कादंबरींत मत्स्यालयाच्या रूपानें दडविलेला चित्रवाणी-संच आधींच वर्णून ठेवला होता.

टोस्टर इतके लोकप्रिय झाले कीं ते न्यायालयांतहि उडाले. डेलरिना या कंपनीनें १९९३ मध्यें आपल्या चित्रसंचांत एका पेंग्विनाकडून पंखवाल्या टोस्टरांची शिकार करविली. हें विडंबन आहे हा तिचा बचाव न्यायालयानें मानला नाहीं. पुढच्याच वर्षीं जेफरसन एअरप्लेन या गायकवृंदानें उलट बर्कली सिस्टिम्सवरच दावा लावला, कीं आमच्या १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पंखांचे टोस्टर आधींच होते. वेष्टनाच्या चित्राच्या हक्काची रीतसर नोंद नसल्यामुळें तो दावा टिकला नाहीं. पडद्यावर डाग पडूं नये एवढ्यासाठीं जन्मलेल्या वस्तूच्या मालकीवरून हे खटले चालले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मूळ हेतु किती मागें पडला होता तें दिसतें.

खरोखर तोंवर रोगहि ओसरूं लागला होता. नव्या रंगीत मॉनिटरांस डाग तितक्या लवकर पडत नसत, आणि खिडक्यांखिडक्यांच्या नव्या पद्धतींत पडद्यावरील मजकूरहि सारखा जागा बदलीत असे. परंतु औषधाची चटक लागली होती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्यें स्क्रीनसेव्हर घरचाच झाला, आणि त्यास परवलीचा शब्द जोडतां येऊं लागतांच पडद्याचा राखणदार टेबलावरील कागदपत्रांचा राखणदार बनला. १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ मध्यें वळणें घेत वाढणाऱ्या नळांचें जाळें आलें. तें चित्र रेखण्यास गणिती श्रम पुष्कळ लागत. ज्या यंत्रानें सबंध कचेरीचें काम वाहावयाचें त्यावरच तें सुरू ठेवलें तर यंत्र राखण करण्यांतच दमून जाई.

याच सुमारास अमेरिकन सरकारच्या पर्यावरण-खात्यानें एनर्जी स्टार ही योजना १९९२ सालीं सुरू केली, आणि तींत पहिला मान संगणक व मॉनिटर यांचा होता. टोस्टर उडोत कीं मासे पोहोत, नळी पेटलेलीच राहते व वीज खातच राहते, ही साधी गोष्ट तेव्हां हिशेबांत धरली गेली. १९९३ मध्यें व्हेसा या संस्थेनें संगणकानें मॉनिटरास झोंपेची सूचना कशी द्यावी याचा संकेत ठरविला : चित्र जुळवून ठेवणारे दोन स्पंद असतात, ते थांबवावे, कीं मॉनिटरानें समजून झोंपावें. झोंपलेल्या मॉनिटरावर एक लहानसा पिवळा दिवा मिणमिणत राही. दहा वर्षांनीं स्वारी पुन्हा सोचा यांच्या काळ्या पडद्यावर आली; फरक त्या दिव्याचा. पण तो दिवा कांचेशेजारींच होता, हें मला फार महत्त्वाचें वाटतें.

शोभेच्या या सर्व प्रपंचांत एकाच प्रकाराविषयीं मला मनापासून आदर आहे. १७ मे १९९९ रोजीं बर्कली येथील विद्यापीठानें सेटी ॲट होम हा प्रयोग सुरू केला. अरेसिबो येथील प्रचंड दुर्बिणीनें टिपलेल्या आकाशांतील रेडिओ-लहरींचे तुकडे लोकांच्या घरोघरींच्या संगणकांकडे पाठवावयाचे, आणि मालक कामांत नसेल तेव्हां स्क्रीनसेव्हरच्या रूपानें त्या यंत्रानें त्यांत परग्रहावरील बुद्धिमंतांची कांहीं खूण सांपडते कां हें तपासावयाचें. पन्नास लाखांहून अधिक लोक त्यांत सामील झाले. खूण सांपडली नाहीं, आणि ३१ मार्च २०२० रोजीं नवे तुकडे वांटणें थांबलें.

पुढें पातळ पडदे आले. द्रव-स्फटिकांच्या पडद्यांत क्वचित् सावली रेंगाळते, ती बहुधा निघून जाते. सेंद्रिय द्रव्यांनीं स्वतः उजळणाऱ्या ओलेड पडद्यांत मात्र कण कण असमान थकण्याचा जुनाच रोग परत आला आहे. म्हणून हल्लींचे दूरचित्रवाणी-संच सबंध चित्र डोळ्यांस न कळेल इतकें इकडेतिकडे सरकवीत असतात. तो निराळ्या लेखाचा विषय होईल.

जुन्या नळीचे मॉनिटर हौसेनें जपणारे लोक आतां ठिकठिकाणीं आहेत, आणि त्यांची चिंता खरी आहे, कारण नळी बदलून घेण्याची सोय संपत आली. मराठवाड्यांत वाढलेल्या व्हिडिओकॉन उद्योगसमूहानें २००५ सालीं थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा विकत घेतला, तेव्हांच जग पातळ पडद्यांकडे तोंड फिरवून उभें होतें. पुढील दहाएक वर्षांत मोठ्या कारखान्यांच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. जपणाऱ्यांनीं करावयाचें तें जुनेंच आहे : प्रकाश शक्य तितका कमी ठेवावा, काळ्या पार्श्वभूमीवर काम करावें, यंत्र सोडून जातांना पडदा काळा करावा, आणि दिवस संपला म्हणजे बंद करावा. पडलेला डाग जात नाहीं. कित्येक जण डागाचें उलटें चित्र पडद्यावर दिवसचे दिवस ठेवून उरलेला ताजा फॉस्फरहि तितकाच थकवितात. मग भेद मिटतो व डाग दिसेनासा होतो. मला ही युक्ति पसंत नाहीं. पोथीच्या पानावर एक ओळ पुसट झाली म्हणून बाकीचें पान त्या मानानें घासून काढण्याचा हा प्रकार आहे.

निकालांत काढावयाच्या यादींत ‘स्थिति’ असा एक रकाना असतो, आणि त्यांत ‘चालू’ किंवा ‘नादुरुस्त’ यांपैकीं एकच शब्द लिहावयाचा असतो. त्या मॉनिटरापुढें मीं ‘नादुरुस्त, मजकूर वाचनीय, ठेवावा’ असें लिहिलें. भांडारपालांनीं शेवटचे तीन शब्द तांबड्या शाईनें खोडून यादी परत पाठविली आहे. मॉनिटर तूर्त माझ्या खोलींत, खिडकीकडे तोंड करून आहे.